काळ्या वाळूवर पोपटी फटके

शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. मी सुरतला गेले, आणि तेही समुद्रकिनाऱ्यावर बसलेली माणसं रंगवायला. अमळनेरच्या आमच्या शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली. माझ्या हाताखालची पोरं माणसाचं नाक काढायची तर असं काढायची की त्यावर चष्मा बसावा. एके दिवशी मोबाईलवर जाहिरात आली, ‘समुद्रकिनारा आणि माणसे : इम्प्रेशनिस्ट शैलीतील तीन दिवसांची कार्यशाळा’. इम्प्रेशनिस्ट म्हणजे फ्रान्समधले ते चित्रकार, जे उघड्यावर बसून झरझर रंगाचे ठिपके टाकत आणि ऊन कसं पडलं एवढंच दाखवत. मी हे वर्गात तोंडपाठ सांगत आले होते, केलं कधीच नव्हतं. शिवाय माझी धाकटी बहीण विमल सुरतेत, डिंडोलीला राहते. राहण्याजेवणाची सोय झाली म्हटल्यावर फ्रान्स एकदम जवळ आलं.

डिंडोली

तापी आमच्या खानदेशातून वाहत सुरतेला जाते आणि तिच्या मागोमाग आमची माणसंही जातात. उधन्याला गाडीतून उतरले आणि फलाटावर कानावर पहिला शब्द पडला तो अहिराणी. पुढे रिक्षावाल्याशी मी मोठ्या कष्टाने हिंदी जुळवत होते, तर तो म्हणाला, “आक्का, निवांत बसा, मी पारोळाना शे.” परप्रांतात आल्याचा माझा सगळा रुबाब तिथेच उतरला.

विमलच्या घरी शिरले आणि क्षणभर डोळे मिटून घ्यावेसे वाटले. दाराचा पडदा पोपटी, त्यावर केशरी फुलं. उशांचे अभ्रे पोपटी, केशरी फुलं. फ्रिजवरचं कव्हर तेच. शेजारच्या सरूबाई साखर मागायला आल्या, त्यांच्या अंगावर तेच. विमलचे यजमान हिरामणराव सुरतेजवळ पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये कामाला आहेत. व्यापाऱ्याने नापास केलेला माल कामगारांत वाटला जातो. त्याला इथे ‘लॉट’ म्हणतात. हिरामणराव पडले मोकळ्या हाताचे, त्यामुळे लॉट आला की अख्खी गल्ली तो नेसते. मागच्या वर्षी म्हणे सगळे जांभळे होते. कुणाच्या घरचं लहान पोर आईच्या पदराला धरून चालू लागलं तर ते योग्य घरी पोचेल याची इथे काहीच खात्री नाही.

मालात दोष काय, असं मी विचारलं. “दोष कायले? फुलंच जरासा सरकेल शेतस,” हिरामणराव म्हणाले आणि एक साडी माझ्याही हातावर ठेवली. मी ती फार जपून पिशवीच्या तळाशी ठेवली.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर आणि शेवभाजी होती. विमलचा हात तोच आहे, पण वरणात गूळ आला आहे. इतकी वर्षं गुजरातेत राहून माणसाच्या वरणात एवढाच फरक पडत असेल तर ते चालवून घ्यावं.

माणूस म्हणजे तीन फटके

कार्यशाळेचा पहिला दिवस एका बंगल्याच्या गच्चीवर झाला. शिकवणारे सर पुण्याचे. मानेभोवती रुमाल, पायात कोल्हापुरी आणि बोलताना हात सतत हवेत. ते कधीतरी सहा महिने फ्रान्समध्ये राहून आले आहेत, हे पहिल्या चहाच्या आत आम्हाला दोनदा कळलं. आम्ही शिकणारे दहाबारा जण. एक दाताचे डॉक्टर, दोन कॉलेजातल्या मुली, बाकी बहुतेक घरच्या सुखी बायका. माझ्या शेजारी हेतलबेन होत्या, हिऱ्याच्या व्यापाऱ्याच्या घरच्या. त्यांनी आणलेल्या रंगांत माझी जुनी शाळा रंगवून निघाली असती.

“माणूस म्हणजे तीन फटके,” सरांनी मराठीत आणि मग हिंदीत सांगितलं. “एक डोकं, एक अंग, एक सावली. संपला माणूस. नाक नाही, डोळे नाहीत. मॅडम, तुम्ही कान काढताय?”

मी कान काढत होते. हाताला सवय असते.

पुढचा नियम काळ्या रंगाचा. निसर्गात काळा रंग नसतोच, असं सरांनी सांगितलं आणि एक खोका फिरवून आमच्या सगळ्यांच्या काळ्या रंगाच्या ट्यूब त्यात जमा करून घेतल्या. परीक्षेला पोरांचे मोबाईल काढून घेतात तसंच. मी निमूटपणे माझी ट्यूब टाकली. दुसऱ्या दिवशी जायचं होतं ते सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर, आणि डुमसची वाळू मी तोवर पाहिली नव्हती.

डुमस, शनिवार सकाळ

डुमसची वाळू काळी आहे. करडी नाही, मळकी नाही, अगदी तव्यासारखी काळी. दूरपर्यंत काळी वाळू, तिच्यावर ऊन, आणि आम्ही सगळे काळ्या रंगाविना उभे. कोणी हसेल म्हणून मी सरांकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून म्हणाले, “पाहा, कसला सुंदर फिकट जांभळा दिसतोय!” ताबडतोब सगळ्यांना फिकट जांभळा दिसायला लागला. हेतलबेननी तर सोनेरी पिवळा घेतला. मी गुपचूप तपकिरी आणि निळा एकत्र घोटला. काळा होतो, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

सरांनी शनिवार सकाळ मुद्दाम निवडली होती. किनाऱ्यावर गर्दी नको. चित्राचं नाव ‘समुद्रकिनारा आणि माणसे’, पण माणसं नकोत. माणसं सरांनी बरोबर आणली होती, म्हणजे एक झालरीची पांढरी छत्री आणि दोन रुंद कडांच्या टोप्या. आम्ही आळीपाळीने टोपी घालून छत्री धरून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तीन फटके मारायचे. माझी पाळी आली तेव्हा वाऱ्याने टोपी उडाली आणि किनाऱ्यावर भाड्याने फिरवायच्या एका उंटाच्या पायाखाली गेली. उंटवाल्याने ती उचलून, झटकून, मला न देता उंटाच्याच डोक्यावर ठेवली. खरं सांगायचं तर ती त्याला शोभत होती. सरांनी उंट चित्रातून वगळायला सांगितला.

समुद्र मात्र मला पटला. बाराच्या सुमाराला ओहोटी लागायला सुरुवात झाली होती, पाणी पाय ओढत ओढत मागे चाललं होतं. दुपारी टोमॅटोची भजी खाल्ली. टोमॅटोच्या चकतीला हिरवी चटणी लावून, पिठात बुडवून तळतात. पहिल्या घासाला जीभ भाजते आणि दुसरा घास घेतल्याशिवाय राहवत नाही. तिथेच एक गंमत पाहिली. जी चार माणसं आली होती ती घरून चटया, डबे, थंड पाण्याचे जार घेऊन आली होती आणि गोल करून भज्यांच्या गाड्यांकडे तोंड करून बसली होती. सगळ्यांची पाठ समुद्राकडे. आमच्याकडची माणसं समुद्रावर गेली की समुद्राकडे बघत चेहरा गंभीर करतात, फोटो काढतात आणि उपाशी परत येतात. सुरतेची माणसं खायला येतात आणि समुद्राला सोबतीला बसवून घेतात. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटली.

पुढला रविवार

संध्याकाळी विमल भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, “आक्का, कसा ऱ्हास व समुद्र?”

मला आधी वाटलं, ती आजच्या हवेचं विचारते आहे. मग लक्षात आलं. माझी बहीण लग्न होऊन सुरतेला आली, दोन मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली, आणि शहराच्या टोकाला असलेला समुद्र तिने पाहिलाच नव्हता. मी एका रुंद टोपीसाठी अमळनेरहून येऊन तो पाहून बसले होते. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही.

हिरामणराव अंघोळ करून बाहेर आले तसं त्यांना विचारलं. ते अजिबात ओशाळले नाहीत. “पाणीच तं शे, आक्का. मी दिनभर पाणीमाच उभा ऱ्हास. आखो पाणी दखाले काय जावानं?”

“तुम्ही उभे राहता. ती कुठे उभी राहते?” मी म्हटलं.

“पुढला रविवारले जाऊत. सगळा जाऊत,” ते म्हणाले आणि टीव्ही लावला.

हा पुढला रविवार लग्नापासून पुढेच आहे, हे विमलने मला स्वयंपाकघरात सांगितलं. कधी मिलची पाळी असते, कधी पाहुणे, कधी नुसतीच झोप. सांगताना ती रडली वगैरे नाही. भाकरी मात्र जरा जोरात आपटली. “मना जीवमा शे एकदाव पाय बुडवाना,” एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि हिरामणरावांना त्याही रविवारी मिलमध्ये बोलावलं होतं. मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल. तिने तव्यावरची भाकरी उलटली. मला वाटलं, नवऱ्याला न विचारता ही काही यायची नाही, आणि मी चरफडत झोपले.

डुमस, रविवार

शेवटच्या दिवशी भल्या सकाळी सरांनी सगळ्यांना रविवारच्या गर्दीपासून दूर, एका रांगेत, ओल्या वाळूवर बरंच आत नेऊन उभं केलं. पूर्ण ओहोटी होती. समुद्र इतका दूर गेला होता की नुसती एक चकचकीत रेघ दिसत होती. मधे सगळा चिखल आणि काळी वाळू. समोर पांढरी छत्री रोवलेली. आज इथे प्रत्येकाने शेवटचं चित्र करायचं आणि दुपारी ती सुरूच्या झाडांमध्ये दोरीला टांगायची.

आम्ही पहिला फटका मारतोय तोच मागून रिक्षांचा आवाज आला. वळून पाहते तर दोन रिक्षांतून पोपटी रंग उतरतोय. उतरतोय आणि उतरतोच आहे. पुढे विमल, हातात नारळ. मागे सरूबाई, आणि त्यांच्यामागे सगळी गल्ली, डब्यांसकट. प्रत्येकीच्या अंगावर तोच लॉट, अगदी कोरा, घडी मोडलेली नाही.

“पयलाच डाव भेटाले जाई ऱ्हायनूत ना,” विमल म्हणाली, “कोरंच नेसाले पाहिजे.” नवऱ्याला विचारलं का, असं मी विचारलं. तिने पदर नीट केला आणि समोर पाहिलं. मग तिचा चेहरा पडला. “आक्का, कोठे शे समुद्र?”

मी त्या रेघेकडे बोट दाखवलं.

“तठे? इतलासा?”

एवढी वर्षं वाट पाहून बाई आली आणि नेमका समुद्रच घरी नाही. मी सांगितलं, ओहोटी आहे, दुपारपर्यंत पाणी परत येईल. बायकांनी आपसात सल्लामसलत केली. सरूबाई मूळच्या जालन्याकडच्या, स्वभावाने रोखठोक. “येईना का तेव्हा येईल. तोवर खाऊन घेऊ,” त्या म्हणाल्या. चटया अंथरल्या गेल्या, डबे उघडले, आणि सगळ्याजणी सुरती रीतीने भज्यांच्या गाड्यांकडे तोंड करून बसल्या. एकटी विमल उलटी बसली, समुद्राकडे तोंड करून, नारळ मांडीवर घेऊन. “बसूत. येईच ना तो,” म्हणाली.

आणि हे सगळं मंडळ बरोबर पांढऱ्या छत्रीच्या समोर बसलं होतं.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी हेतलबेनना बोलणी करायला पाठवलं. हेतलबेन गेल्या, “बेन, जरा साइडमां” असं काहीतरी म्हणाल्या. सरूबाईंनी त्यांच्या हातावर दशमी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. हेतलबेन तिथेच बसून खाऊ लागल्या. मग सर स्वतः गेले. विमल उठली नाही. आपल्या हिंदीत म्हणाली, “साहब, हम समुद्र के वास्ते बैठे हैं. वो आएगा, तो उठ जाएंगे.” यावर फ्रान्समध्ये काय करतात ते सरांना ठाऊक नसावं. ते परत आले आणि आम्हाला म्हणाले, “यांना वगळा. त्या नाहीतच असं समजा.”

तर दहाबारा जण, डोळ्यांसमोर पोपटी बायकांची एवढी मोठी रास असताना, तिच्यातून आरपार पाहून मागची छत्री आणि तिच्याखाली कालच्या आठवणीतली टोपीवाली बाई रंगवू लागले. मी मात्र तीनतीन फटक्यांत बायकाच काढल्या. खरं म्हणजे इतकी सोपी माणसं मला आयुष्यात मिळाली नव्हती. एकदाच पोपटी घोटला आणि मारत सुटले. सर मागे येऊन उभे राहिले.

“मॅडम, हा काय पोपटांचा थवा? रंगांत वैविध्य हवं. प्रत्येक व्यक्ती वेगळी असते.”

“त्या सगळ्या एकाच लॉटमधल्या आहेत, सर,” मी सांगितलं. ते उसासा टाकून पुढे गेले.

मग पाणी आलं. डुमसला पाणी येतं तेव्हा लाट उसळून वगैरे येत नाही. सपाट जमीन, त्यामुळे ते पातळ पातळ पसरत, आवाज न करता, चालत्या माणसाच्या वेगाने येतं. आम्ही मान वर केली तेव्हा पांढरी छत्री आडवी होऊन निघाली होती. सर तिच्यामागे धावले. दाताच्या डॉक्टरांचं स्टँड कोसळलं. बायका डबे डोक्यावर घेऊन ओरडत पळाल्या, हेतलबेन त्यांच्याबरोबर, हातातली दशमी न सोडता. मी माझं चित्र छातीशी धरलं. त्यामुळे तीन दिवस जपलेल्या माझ्या पांढऱ्या साडीवर पोपटी बायका उमटल्या.

विमल जागची हलली नाही. पाणी तिच्या पायांना लागलं, मांडीपर्यंत आलं. तिने नारळ पाण्यात सोडला आणि हात जोडले. मी घाबरून तिच्याकडे धावले, आणि पाहते तर तिच्या भोवतालचं पाणी हिरवं. साडीतून हिरव्या रेघा सुटून लांब लांब चालल्या होत्या. फुलं सरकली वगैरे काही नव्हतं. लॉट नापास झाला होता तो कच्च्या रंगामुळे. विमल त्या हिरव्या पाण्यात बसून हसत होती, आणि हसता हसता रडत होती. मलाही रडू आलं. मी चित्र डोक्यावर धरून तिच्या शेजारी पाण्यात बसले. रंग, स्टँड, सर, सगळं गेलं खड्ड्यात.

बऱ्याच वेळाने किनाऱ्याला आल्यावर मी चित्रातल्या बायकांच्या पायाशी पाण्यात दोन हिरवे फटके मारले.

दुपारी चित्रं टांगली. सरांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती, पण रुमाल कोरडा होता. माझ्या चित्रापाशी ते थांबले. “पाण्यात हिरवा!” ते सगळ्यांना म्हणाले. “पाहा, डोळ्यांना दिसत नाही तो रंग टाकायला कल्पनाशक्ती लागते.”

“सर, ते साडीचं पाणी आहे. रंग गेलाय,” मी म्हटलं. सर मोठ्याने हसले आणि माझ्या विनोदबुद्धीचंही कौतुक केलं.

सरूबाई मात्र दोरीला लटकलेली सगळी चित्रं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेल्या. “हे कुठलं गाव म्हणायचं?” त्यांनी विचारलं. “आम्ही तर मधोमध बसलो होतो. एकातबी आम्ही नाहीत. ह्या छत्रीवालीला तर कुणी पाह्यलंबी नाही.” माझ्या चित्रापाशी आल्यावर म्हणाल्या, “इथं हाव, पण नाक-डोळे कुठं गेले?” सरांनी घाईघाईने चहा मागवला.

विमलने चित्र नीट पाहिलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. “ही मी शे.” कशावरून, असं मी विचारलं. “बाकीस्नी समुद्रकडे पाठ करेल शे,” ती म्हणाली.

परत डिंडोली

हिरामणराव कामावरून आले तेव्हा विमल उंबऱ्यात पाय पसरून बसली होती. तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत हिरवे होते. मी तिला दोनदा साबण देऊन पाहिला, तिने घेतला नाही. साडी ओसरीत वाळत होती आणि तिच्यावर आता फक्त केशरी फुलं उरली होती.

त्यांनी एकदा साडीकडे पाहिलं, एकदा पायांकडे. “पाय हिरवा कशा व्हयनात?”

“डुमसले जाई उनू.”

मला वाटलं, आता वाजणार. मी उभी राहिले, दोन शब्द तयारच ठेवले होते. पण हिरामणराव काही ओरडले नाहीत. डबा खाली ठेवून तिच्यासमोर उकिडवे बसले, त्या हिरव्या पायांकडे बघत. मग हळूच, मला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

“कसा शे?”

म्हणजे यांनीही पाहिला नव्हता. सुरतेत आल्यापासून पलसाणा आणि डिंडोली यांच्यापलीकडे हा माणूस कधी गेलाच नव्हता, आणि इतकी वर्षं ‘पाणीच तर आहे’ म्हणत आला होता. माझे तयार ठेवलेले दोन शब्द मी गिळले.

विमलने मात्र काही गिळलं नाही. तिने पाय जरा आणखी पुढे पसरले, नवऱ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली,

“पाणीच तं शे. पुढला रविवारले दखाडसू तुमले.”